शब्दांची विचारपूस : ‘कुजबूज’ आणि तिचे शेजारी

प्रश्न : ‘कुजबूज’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कशावरून आला? उघड बोलता न आलेली गोष्ट मनात कुजत राहते म्हणून ‘कुजबूज’, असे एका व्याख्यानात ऐकले. आमचे एक स्नेही मात्र तो संस्कृत ‘कूजन’वरून आल्याचे सांगतात. ‘कुजबुजणे’ आणि ‘पुटपुटणे’ यांत फरक करावा की दोन्ही एकच समजावेत?

उत्तर : ‘कुजणे’चा तर्क ऐकायला चटकदार आहे, पण त्याला आधार नाही. दोन्ही शब्दांची पहिली दोन अक्षरे सारखी आहेत आणि दोन्हींतला ‘ज’ ‘जीवन’मधला नसून ‘जवळ’मधला आहे, एवढ्यावरून नाते जुळत नाही. वर्गात शिक्षकांची पाठ वळताच मुलांमध्ये जी कुजबूज सुरू होते, तिच्यात कुजण्यासारखे काय असते? या शब्दाला निंदेची छटा चिकटते ती चोरून बोलण्यामुळे, आणि तीही प्रत्येक वेळी नाही.

आपल्या स्नेह्यांचे म्हणणे अधिक विचारात घेण्याजोगे आहे. ‘कूज्’ या धातूचा अर्थ धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘अव्यक्ते शब्दे’, म्हणजे अस्फुट ध्वनी करणे, असा दिला आहे आणि रामरक्षेतील ‘कूजन्तं रामरामेति’ या श्लोकामुळे तो मराठी कानांना परिचितही आहे. अडचण दोन ठिकाणी येते. कूजन हे कोकिळेचे, मधुर आणि सर्वांना ऐकू जाणारे असते, तर कुजबूज इतरांना ऐकू जाऊ नये म्हणूनच केली जाते. दुसरी अडचण ध्वनिबदलाची आहे. संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधला एकटा ‘ज’ सहसा टिकत नाही. ‘बीज’चे ‘बी’ झाले आणि ‘राजा’चा ‘राय’ झाला. ‘कूज्’ याच वाटेने आला असता, तर त्याचा ‘ज’ मराठीपर्यंत पोहोचणे कठीण होते. संस्कृतातून थेट उचललेला शब्द असण्याची शक्यता उरते, परंतु मग त्याला ‘बूज’ हे शेपूट का लागावे, याचा उलगडा होत नाही.

माझ्या मते हा शब्द मराठीतल्या नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या, शब्दांच्या मोठ्या घराण्यातला आहे. गडबड, लगबग, खळबळ, चुळबुळ, लुडबुड, गजबज हे शब्द एकापाठोपाठ एक म्हणून पाहावेत. प्रत्येकाचा दुसरा अर्धा भाग ‘ब’ने सुरू होतो आणि बाकीचा नाद पहिल्या भागाचाच राहतो. ‘गजबज’ आणि ‘कुजबूज’ यांची जोडी तर फारच बोलकी आहे. दोन्हींचा सांगाडा एकच, परंतु ‘गजबज’मध्ये घोष (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारायचा) ‘ग’ आणि मोकळा ‘अ’ आहे, तर ‘कुजबूज’मध्ये अघोष (कंपनाविना उच्चारायचा) ‘क’ आणि ओठ आवळून उच्चारायचा ‘उ’ आहे. ‘अ’च्या जागी ‘उ’ आला की नाद लहान आणि दबका होतो, हे मराठीत इतरत्रही दिसते : ढग गडगडतात आणि पोट गुडगुडते, खडखड दूरवर जाते आणि खुडबुड खोलीतच राहते. शिवाय माणूस खरोखर कुजबुजतो तेव्हा स्वरतंतूंचे कंपन थांबते, आवाजाला चढउतार राहत नाही आणि फक्त श्वासाची घासट उरते. शब्द कळत नसले तरी दुरून आपल्याला स, श, च, ज यांची कुसकुस तेवढी ऐकू येते. ती नेमकी या दंततालव्य, म्हणजे ‘जवळ’मधल्या, ‘ज’ने पकडली आहे.

आता वापराविषयी. कुजबुजायला किमान दोन माणसे लागतात, एक बोलणारे आणि एक कान देणारे. पुटपुटायला एकटा माणूस पुरतो. स्तोत्र पुटपुटतात, हिशेब पुटपुटतात, रागावलेला माणूस स्वतःशीच पुटपुटतो. या शब्दात भर ओठांच्या हालचालीवर आहे आणि ‘प’ हा ओष्ठ्य वर्ण तेच काम करतो. त्यामुळे ‘तो स्वतःशीच कुजबुजला’ हे वाक्य मला खटकते. भाषांतरित कादंबऱ्यांतील पात्रे तर ऊठसूट कुजबुजत असतात. जिथे ‘ती हळूच म्हणाली’ एवढे पुरे असते, तिथेही. हळू बोलण्यात आवाज असतो, कुजबुजण्यात तो जवळजवळ नसतो, हा भेद लिहिताना सांभाळावा. क्रियापदाची रचना ‘बोलणे’सारखी होते, म्हणजे ‘ती त्याच्या कानात काहीतरी कुजबुजली’. ‘तिने कुजबुजले’ असे नव्हे.

नाम म्हणून ‘कुजबूज’ स्त्रीलिंगी आहे आणि तिला ‘दबकी चर्चा’ असाही अर्थ आला आहे : ‘त्यांच्या राजीनाम्याबद्दल कार्यालयात कुजबूज आहे.’ हीच गोष्ट ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगायची असेल, तर ‘कुणकुण लागली’ असे म्हणतात. ‘हितगुज’मधले ‘गूज’ मात्र अगदी निराळे. ते ‘गुह्य’पासून, ‘गुज्झ’ या प्राकृत रूपातून आले, जशी ‘संध्या’ची ‘सांज’ झाली. त्यात आपुलकी आहे आणि गूज मोठ्याने सांगितले तरी ते गूजच राहते. ‘खलबत’ हा शब्द अरबीतून आला असून मूळ अर्थ एकांत असा आहे; रायगडावरच्या खलबतखान्याचे नाव त्यावरूनच पडले.

लेखनाबाबत थोडक्यात : १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य (शेवटच्या आधीच्या अक्षराचा) उकार दीर्घ असल्याने ‘कुजबूज’ लिहावे आणि सामान्यरूपात ‘कुजबुजीने’, ‘कुजबुजीत’ असा ऱ्हस्व करावा. छापील मजकुरात ‘कुजबुज’ही सर्रास आढळते.

प्रश्न : ‘उपांशु जप’ म्हणजे मनातल्या मनात केलेला जप का?

उत्तर : नाही, मनातला तो मानस जप. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार मानले आहेत. वाचिक इतरांना ऐकू जातो. उपांशु जपात ओठ हलतात, पण शेजारच्यालाही अक्षरे कळत नाहीत. मनुस्मृतीत उपांशु जप विधियज्ञाच्या, म्हणजे विधिपूर्वक केलेल्या यज्ञाच्या, शंभरपट आणि मानस जप हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. यज्ञातही ऋग्वेद आणि सामवेद यांचे मंत्र मोठ्याने आणि यजुर्वेदाचे मंत्र उपांशु म्हणावेत असा संकेत आहे. पुढे या शब्दाला ‘गुप्तपणे’ असाही अर्थ आला आणि कौटिलीय अर्थशास्त्रात ‘उपांशुदण्ड’ म्हणजे गाजावाजा न करता दिलेली गुप्त शिक्षा झाली. मराठीत हा शब्द धार्मिक लेखनापुरताच उरला आहे आणि रोजच्या बोलण्यात त्याचे काम ‘पुटपुटणे’ चोख बजावते.