पोटातला कापूस दिसतोय, काय करू? वाचकांचे क्रोशाचे प्रश्न

मागच्या अंकात क्रोशाच्या प्राण्यांबद्दल, म्हणजे जपानकडून आपल्याकडे आलेल्या त्या अमिगुरुमीबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज थांबेनातच. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतलेत.

प्रश्न : ताई, आईकडून क्रोशा शिकलेय, रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं सगळं येतं. म्हणून वाटलं हत्ती काय, सहज होईल. व्हिडिओ बघून पोट विणलं तर गोल व्हायच्या ऐवजी वांगं झालं आणि भरल्यावर सगळीकडून पांढरा कापूस डोकावतोय. शेवटी टाके मोजले तर 36 चे 33! – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमचा हात तयार आहे आणि नेमकी तीच अडचण आहे बघा. रुमालात, तोरणात भोकांचीच शोभा असते, हात आपोआप सैल पडतो, आणि खेळण्यात एकही भोक चालत नाही. म्हणून पहिलं काम, सुई बदला. 4 प्लाय लोकरीच्या लेबलवर 4 मिमीची सुई लिहिलेली असली तर ती स्वेटरसाठी, खेळण्याला 2.5 किंवा 3 घ्या. सुरुवातीला टाक्यात सुई घुसवताना जोर लागेल, बोटं दुखतील, तसंच पाहिजे. दुसरं, मुका खांब, म्हणजे खेळण्यात सगळीकडे लागणारा तो बुटका टाका, घालताना लोकर सुईवरून न घेता सुईच लोकरीच्या वरून नेऊन लोकर खालून ओढून आणा, टाका फुलीसारखा दिसतो आणि जास्त आवळून बसतो.

आता वांग्याचं. गोळ्याचं गणित अगदी सोपं आहे, सहा टाक्यांनी सुरू करायचं आणि दर फेरीला सहा वाढवायचे, 6, 12, 18, 24, 30, 36. वाढवतोय तोवर चपटी चकती होते, वाढवणं थांबलं की भिंत उभी राहते. 36 वर साधारण सहा फेऱ्या तशाच घालायच्या, मग त्याच पायऱ्यांनी उतरायचं, 30, 24, 18, आणि 12 ला यायच्या आत भरून घ्यायचं. साध्या फेऱ्या जास्त झाल्या की लांबट होणारच. आणि ते तीन टाके गेले कुठे, तर यात फेरी जोडत नाहीत, गोल गोल सलग वर चढत जातं, त्यामुळे फेरी कुठं संपली ते डोळ्याला कळत नाही आणि एखादा टाका मागे राहून जातो. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर वेगळ्या रंगाचा दोरा, आणि दर फेरीच्या शेवटी मोजा. दर फेरीच्या म्हणजे दर फेरीच्या! टीव्हीवर मालिका लावून विणायचं असेल तर स्वेटर विणा.

अजून एक, फोटोत तुमच्या हत्तीची उलटी बाजू बाहेर आलेली दिसतेय, आडव्या गाठी गाठी आहेत. सुई बाहेरून आत गेली पाहिजे. वाटी आतून विणत असाल तर उलटून घ्या. आणि टाके कमी करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे अर्धे फास सुईवर घ्या आणि एकत्र विणा, मग तिथं खड्डा पडत नाही. कापूस सगळ्यात जास्त त्या खड्ड्यातूनच दिसतो.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे. भिलवडीला पाहुण्यांकडे गेलो होतो, तिथं कृष्णेच्या काठावर पडलेली मगर त्याला लांबून दाखवली, तेव्हापासून म-म चालू आहे. मगर जमेल का? डोळ्यांना जुन्या ब्लाउजची काळी बटणं लावली तर? – एक आजी, मिरज

उत्तर : आजी, बटणं अजिबात नकोत. आणि दुकानात मिळतात ते मागून चकती बसवायचे सेफ्टी डोळे पण नकोत, नावात सेफ्टी आहे म्हणून फसू नका. तीन वर्षांच्या आतलं पोर सगळं तोंडात घालतं, चावून चावून टाके सैल होतात आणि डोळा निघाला की थेट घशात. काळ्या दोऱ्याने डोळे भरा, आपल्या पिढीला भरतकाम काय नवीन आहे. थर्माकोलचे मणी भरू नका. लोकरीऐवजी सुती दोरा घ्या, तोंडात केस येत नाहीत आणि कितीही वेळा धुता येतो.

मगर जमेल, पण एकदम नको. चार पाय, जबडा, शेपूट, पाठीवरचे खवले, पहिल्याच खेळण्यात एवढं शिवायला बसलात तर वैतागून ठेवून द्याल. आधी नाग करा. आपण सांगली जिल्ह्यातली माणसं, नागपंचमीसाठी गाजलेल्या बत्तीस शिराळ्याच्या मुलखात पहिला प्राणी नागच पाहिजे! सहा टाके, मग बारा, आणि बारावरच हातभर विणत जायचं, शिवायला काही नाही. हात बसला की त्याच नळीला मगर करता येते. खवल्यांसाठी वेगळी वीण शिकायची गरज नाही, पाठीवर गडद हिरव्या दोऱ्याने गाठी मारल्या तरी पोराला मगरच दिसते. पाय शिवताना एकदा शिवलं की परत उलट दिशेने फिरा, आणि जोराने ओढून बघा, तुमच्या हातून निघाला तर नातवाच्या हातून निघालाच म्हणून समजा.

प्रश्न : मी माडग्याळी मेंढी करतेय, घरी तीच आहेत म्हणून. आत गादीचा कापूस भरला तर चालेल का? का चिंध्या? आणि तपकिरी ठिपका घालताना रंग अर्धा टाका पुढे सरकतो. – एक वाचक, जत तालुका

उत्तर : वा, ससे आणि अस्वलं बघून डोळे दुखायला लागले होते. कापूस नको, धुतला की गोळे होतात, पावसाळ्यात आतून वाळत नाही आणि वास मारतो. चिंध्यांनी टेंगळं येतात. गादीवाल्याकडे उशीत भरायचा फायबर मिळतो तो घ्या, जुन्या उशीतला धुऊन वाळवलेला पण चालतो. चिमूट चिमूट पिंजून भरा, मानेत जरा दाबून, नाहीतर आठवड्यात मान लटकते.

रंगाचं असं आहे, आधीच्या टाक्याची शेवटची ओढ नव्या रंगाने घ्यायची, टाका पूर्ण झाल्यावर रंग बदलला तर तो सरकणारच. आणि या मेंढीचं नाक पोपटासारखं फुगीर असतं, नुसता गोळा लावला तर ती कुठलीही मेंढी दिसेल, तेव्हा नाकाच्या वरच्या बाजूला दोन फेऱ्यांत दोन-तीन टाके जास्त वाढवा, तिथंच फुगवटा येतो. घोंगडीच्या लोकरीचा मोह होईल, पण ती टोचते, खेळण्याला नको.

प्रश्न : मॅजिक रिंग, म्हणजे सुरुवातीचे टाके ज्यात घालून आवळतात तो दोऱ्याचा फास, काही केल्या येत नाही, दोरा सुटतो. – बऱ्याच जणी

उत्तर : सोडून द्या. दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घाला, झालं. मधे बारीक भोक राहतं ते सुरुवातीला सुटलेल्या दोऱ्याच्या टोकाने आतून शिवून टाका. परदेशी पॅटर्न वाचत असाल तर तो अमेरिकन आहे का ब्रिटिश ते आधी बघा, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजेच ब्रिटिश डबल क्रोशे, दोन्ही आपला मुका खांबच. हे न बघता विणलं तर सगळा प्राणी जाळीदार होतो.

प्रश्न : नणंदेने बारशाच्या रिटर्न गिफ्टसाठी पंचवीस हत्ती सांगितलेत, शंभर रुपयाला एक. घेऊ का ऑर्डर? पुढं विकायचा पण विचार आहे. – एक वाचक, तासगाव

उत्तर : नणंद आहे म्हणून मी जपून लिहितेय. चार इंची हत्तीला सवयीच्या हाताला पण पाच-सहा तास जातात, त्यातला निम्मा वेळ सोंड, कान, पाय शिवण्यात. लोकर आणि फायबर बाजूला काढून तासाला किती उरतात ते तुम्हीच बघा. घरातलं म्हणून द्यायचं असेल तर एक बाळासाठी फुकट करा, पंचवीस शंभराने करू नका, कारण मग तोच तुमचा भाव म्हणून गावभर फिरतो. पाहुण्यांना हत्तीच्या डोक्याची कीचेन द्या, शिवण कमी, वेळ कमी.

विकायचं असेल तर हे माहीत असू द्या, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट दिलेली आहे, म्हणून धंदा म्हणून उतरायच्या आधी ती कारागीर नोंदणी बघा. नुसतं नातेवाइकांत दोन-चार खेळणी वाटायला याची गरज नाही.

प्रश्न : मी डावखुरी आहे, अकरावीत. सगळे व्हिडिओ उजव्या हाताचे. – एक वाचक, सांगली

उत्तर : मोबाइलमध्ये व्हिडिओ आडवा फ्लिप करून बघ, बऱ्याच एडिटिंग अ‍ॅपमध्ये ती सोय असते. तुझी फेरी उलट दिशेने फिरेल, टाक्यांचे आकडे तेच राहतील. फक्त पॅटर्नमध्ये टाके मोजून उजवा कान, डावा पाय असं सांगितलं असेल तर तुझ्याकडे ते उलटे येतील, तेवढं शिवताना बघ.