पन्हाळ्याचं नाव यादीत, नियम मात्र जुनेच

आपले प्रश्न : वारसास्थळं

प्रश्न : आमचं घर पन्हाळ्यावर, वडिलोपार्जित. पावसात माडीचं छप्पर गळतं. गड जागतिक वारसा झाल्यापासून जो तो सांगतो, आता एक कौलही बदलता येणार नाही. खरं काय? – एक वाचक, पन्हाळा

कौल बदलता येतं. जुलै 2025मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावानं 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातले 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. पण त्या दिवशी तुमच्या घरासाठी कुठला नवा कायदा आला नाही. युनेस्को कुणाच्या घराला परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही. जिल्ह्यात आपल्याला लागू होतो तो 1958चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली 2010ची दुरुस्ती. पन्हाळा केंद्राच्या संरक्षणाखाली आहे तो याच कायद्यानं, यादीत नाव येण्याच्या कितीतरी आधीपासून.

त्यातलं गणित असं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र. तिथं नवं बांधकाम नाही. त्यापुढचे 200 मीटर विनियमित क्षेत्र. तिथं परवानगी घेऊन बांधता येतं. अंतर मोजायचं ते स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या हद्दीपासून. गोंधळ होतो तो नेमका इथं. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव अशी ठिकाणं जवळजवळ आहेत, त्यामुळं एकाच घराला दोन-दोन हद्दी लागू शकतात. शेजाऱ्याला परवानगी मिळाली म्हणून आपल्याला मिळेल, असं धरून चालू नका. आधी सिटी सर्व्हेचा नकाशा घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आपलं अंतर लेखी मोजून घ्या.

प्रतिबंधित क्षेत्रातलं घर 16 जून 1992च्या आधीचं असेल, तर दुरुस्ती आणि नूतनीकरणाला परवानगी मिळू शकते. म्हणून प्रॉपर्टी कार्डासोबत त्या तारखेआधीची घरपट्टीची पावती किंवा वीजबिल शोधून काढा. अनेक प्रकरणं अडतात ती याच एका कागदापायी. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातो. त्यानं तो 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत मत कळवायचं आणि मग महिन्याभरात तुम्हाला उत्तर, असं कायदा म्हणतो. तेव्हा जूनमध्ये छप्पर हवं असेल, तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.

अर्जात दोन चुका हमखास होतात. एक, ‘दुरुस्ती’ लिहून भिंती पाडून पुन्हा उभारणं. कायद्यात दुरुस्ती वेगळी आणि पुनर्बांधणी वेगळी, आणि प्रतिबंधित क्षेत्रात दुसरी बसत नाही. दोन, आराखड्यात उंची स्लॅबपर्यंतच दाखवणं. कठडा, जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी धरूनच एकूण उंची मोजतात. विनापरवाना बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

प्रश्न : यादीत गेल्यावर युनेस्कोकडून किती पैसे येतात? – एक वाचक, शाहूपुरी

गडाच्या डागडुजीला? जवळपास काहीच नाही. जागतिक वारसा निधी साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला काही दशलक्ष डॉलरचा. तोही मुख्यतः गरीब देशांकडं आणि संकटातल्या स्थळांकडं वळतो. खर्च आपल्याच सरकारांचा. पर्यटक वाढतात ते खरं, पण त्यांच्यासोबत कचरा आणि पार्किंगही वाढतं.

प्रश्न : खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळाचं कोरीवकाम कुणाला हार जाणारं नाही. मग ते यादीत का नाही? आम्ही गावकऱ्यांनी युनेस्कोला पत्र लिहावं का? – एक वाचक, शिरोळ तालुका

पत्र लिहून उपयोग नाही. नाव पाठवायचा अधिकार फक्त देशाच्या सरकारला. आधी स्थळ देशाच्या तात्पुरत्या यादीत यावं लागतं आणि तिथं किमान वर्षभर राहावं लागतं. मग सविस्तर प्रस्ताव 1 फेब्रुवारीपर्यंत पॅरिसला, युनेस्कोकडं पोचतो. सांस्कृतिक स्थळ असेल तर आयकोमॉस, नैसर्गिक असेल तर आययूसीएन ही संस्था तज्ज्ञ पाठवून पाहणी करते आणि 21 देशांची समिती पुढच्या वर्षी निर्णय देते. आपले किल्ले 2021ला तात्पुरत्या यादीत आले, प्रस्ताव 2024च्या जानेवारीत गेला आणि निकाल 2025ला लागला. आता सविस्तर प्रस्तावाआधी प्राथमिक मूल्यमापनाची आणखी एक पायरी वाढली आहे. त्यात एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव, म्हणजे देशभरातल्या स्थळांची रांग लांबच लांब.

सौंदर्य हा तर नुसता उंबरठा. एकूण 10 निकषांपैकी किमान एक पूर्ण करून दाखवावा लागतो आणि जगातल्या तशाच स्थळांशी तुलना मांडावी लागते. कोपेश्वराची तुलना थेट कर्नाटकातल्या पट्टदकलच्या मंदिरांशी होणार आणि 2023ला यादीत गेलेल्या बेलूर, हळेबीडशीही. तिथं ‘आमचंही सुंदर आहे’ हा मुद्दा टिकत नाही. ‘असं दुसरीकडं नाही’ हे सिद्ध करावं लागतं. छताला गोल मोकळं तोंड ठेवलेला स्वर्गमंडप हा आमच्या मते सर्वांत जमेचा मुद्दा. नुसती मूर्तींची यादी जोडण्यापेक्षा अभ्यासकांनी त्यावर भर द्यावा. दुसरा भाग व्यवस्थापन आराखड्याचा. कृष्णाकाठचं देऊळ, त्यामुळं पुराचं पाणी आलं तर कोण काय करणार, गाळ कशानं काढणार, हे त्यात असलंच पाहिजे. गाळ वाळायच्या आत साध्या पाण्यानं आणि मऊ कुंच्यानं काढायचा. प्रेशरचा पंप मारला की नक्षीच्या कडा जातात.

प्रश्न : राधानगरी अभयारण्यही जागतिक वारसा आहे ना? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

हो, आणि पन्हाळ्याच्या 13 वर्षं आधीपासून. 2012ला पश्चिम घाटाचे 39 तुकडे एकत्रच यादीत गेले. त्यात महाराष्ट्रातले चार : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. गंमत म्हणजे गव्यांसाठी जो तो याच अभयारण्यातल्या दाजीपूरला जातो, पण या यादीची आठवण क्वचितच कुणी काढतो. इथं 100 आणि 200 मीटरचा हिशेब नाही. 1972चा वन्यजीव कायदा चालतो आणि वनखात्याचा शब्द शेवटचा.

प्रश्न : एकदा आलेलं नाव जातं का? – एक वाचक, इचलकरंजी

जातं. ओमानच्या ओरिक्स अभयारण्याचं 2007ला गेलं, कारण सरकारनं त्याचं क्षेत्र 90 टक्क्यांनी घटवलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं 2009ला गेलं, नदीवर चौपदरी पूल बांधायला घेतला म्हणून. लिव्हरपूलचं 2021ला, गोदीतल्या नव्या इमारतींपायी. तिन्हीकडं आधी इशारे मिळाले होते. उलटही घडतं : हंपी 1999ला धोक्याच्या यादीत गेलं आणि 2006ला बाहेर आलं.

प्रश्न : आमचा गट रविवारी गडांवर स्वच्छता करतो. तटात पिंपळ उगवलेत, ते उपटावेत का? आणि निघालेले दगड सिमेंटनं बसवले तर चालतील का? – दुर्गप्रेमी तरुण, करवीर तालुका

प्लास्टिक, बाटल्या उचला, पण स्थानिक कार्यालयाला कळवून. पिंपळ आणि सिमेंट या दोन्हींना संरक्षित गडावर हात लावू नका. ते काम खात्याचं. मात्र गावातलं संरक्षण नसलेलं देऊळ किंवा वाडा असेल, तर हे लक्षात ठेवा.

दोन पानांचं रोप पावसात हातानं निघतं. मनगटाएवढं खोड ओढलं की मुळांसोबत दगड सुटतो, आणि नुसतं वरून छाटलं की दोन फुटवे येतात. त्यावर उपाय असा : कोरड्या दिवसांत खोड कापायचं, बुंध्याला भोकं पाडायची आणि कापल्यावर लगेच, काही मिनिटांत, त्यात तणनाशक भरायचं. उशीर झाला की ते आत उतरत नाही. मूळ मेल्याची खात्री झाल्यावर सुटलेलं तेवढंच काढायचं आणि पोकळी चुन्यानं भरायची.

सिमेंट नको, ते कच्चं म्हणून नव्हे, तर जरुरीपेक्षा घट्ट म्हणून. जुन्या भिंतीच्या दोन तोंडांमध्ये दगडगोटे आणि चुना भरलेला असतो. वरून मुरलेलं पाणी दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून बाहेर पडतं. दर्जा सिमेंटनं बंद केल्या की पाणी आतच साठतं, भरण भुसभुशीत होतं आणि दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं.

दर्जा भरायच्या तर जुना भुगा किमान इंचभर खोल खरवडून काढा आणि दगड ओला करा. कळीचा चुना पाण्यात विरवून दोन-तीन आठवडे भिजत ठेवायचा आणि मग चाळायचा. एक घमेलं चुना, एक घमेलं सुरखी (भाजक्या विटांची पूड), दोन घमेली खरखरीत वाळू, हे प्रमाण साधारण चालतं, तरी आधी कोपऱ्यात हातभर नमुना करून पाहा. हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी घालण्याची पद्धत आहे, पण गूळ जास्त झाला की मुंग्या लागतात आणि चुना आवळायलाही उशीर होतो. भरल्यावर ओलं पोतं लावून पंधरा दिवस ओल टिकवायची. चुना हवेतून हळूहळू धरतो, त्यामुळं उन्हात पटकन वाळला की भेगा पडतात आणि भर पावसात केला तर वाहून जातो. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यानच काढा.