दिवाळीत घरासाठी काही हवंसं वाटणं हा स्वार्थ आहे का?

मी समुपदेशक आहे. दसरा झाला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. शब्द वेगवेगळे असतात, आतली बोच एकच असते: लोकांवर एवढं संकट असताना आपण आपल्या घरापुरतं बघावं का? २०२५च्या दिवाळीआधी ही बोच फारच तीव्र होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या नद्या गावांत शिरल्या, हाताशी आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, काही वावरांतली तर मातीच खरवडून गेली. लातूर शहरात राहणाऱ्या बहुतेकांचं कुणी ना कुणी गावाकडे शेती करतं. आकाशकंदील घेतानाही माणसांचं लक्ष गावाकडे लागलेलं होतं.

त्याच दिवसांत आलेल्या एका जोडप्याची ही हकिगत. दोघांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

आधी ताई एकट्याच आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दोन लेकरं, मोठी लेक अकरावीला. खुर्चीवर बसत्या बसत्या म्हणाल्या, “मॅडम, मी वाईट बाई आहे का, एवढंच सांगा.”

त्यांचे यजमान कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. दर दिवाळीला मित्रांना घेऊन गरजू कुटुंबांना फराळ आणि कपडे वाटतात. त्या वर्षी पूर आला म्हणून शंभर घरांना किराणा, ब्लँकेट आणि फराळ द्यायचं ठरलं. सरांनी पगारातून चाळीस हजार रुपये दिले आणि ते ताईंना कळलं लेकीच्या क्लासचा हप्ता भरायची वेळ आली तेव्हा. त्यावर, “चिवडा आणि शंकरपाळे आमच्या घरी होतील,” असा शब्दही सर देऊन आले होते.

“मी काही बोलले की म्हणतात, लोकांच्या घरात चूल पेटत नाही आणि तुला घरच्या सणाचं पडलंय. खरंच आहे ना ते? मग मी गप्प बसते. पण आत काहीतरी जळतं बघा.”

मी विचारलं, “या दिवाळीत तुम्हाला काय हवं होतं?”

त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. साडी, सोनं असलं काही नव्हतं. भाऊबीजेला परळीला माहेरी जायचं होतं. मागची काही वर्षं वाटपाचा दिवस नेमका भाऊबीजेच्या आसपास येत होता. भाऊ फोनवर म्हणायचा, “राहू दे गं, पुढच्या वर्षी ये.” आता आई थकली आहे.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. “मी स्वार्थी आहे का?” असं विचारणाऱ्या बायका माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यांतल्या बहुतेकींना फार काही नको असतं. एक दिवस हवा असतो, एक वाटा हवा असतो, निदान कुणी विचारायला हवं असतं. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून आपली गरज खोटी ठरत नाही. पुरात घर गेलेल्या बाईलाही भाऊबीजेला माहेरी जावंसं वाटतच असेल.

ताईंना मी एक काम दिलं. मागच्या दिवाळीतलं वाटप डोळ्यांसमोर आणून कागदावर लिहायचं: पैसे कुणाचे गेले, आणि वेळ कुणाचा गेला. टीका नको, तक्रार नको, फक्त नोंद. पुढच्या भेटीला सरांनाही घेऊन या, म्हटलं.

सर आले ते जरा ताठ होऊनच. बायकोने समुपदेशकाकडे आणलं म्हणजे आपल्याला दोषी धरणार, अशी पुरुषांची समजूत असते. ताईंनी कागद वाचला. वीस किलो पोहे भाजणं, चिवडा पिशव्यांत भरणं, जुने कपडे धुऊन, इस्त्री करून आकाराप्रमाणे लावणं, वाटपाला आलेल्या पंधरा-वीस माणसांचं जेवण. शाळा सांभाळून रात्री अकरापर्यंत. सरांच्या नावापुढे वर्गणी, टेम्पो ठरवणं आणि वाटपाचा दिवस. कागद वाचून झाल्यावर सर म्हणाले, “म्हणजे मी देणं बंद करू?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो, आणि वाद तिथेच अडकतो. देणं बंद करा असं ताई म्हणतच नव्हत्या. त्यांच्या शाळेत वह्या नसलेल्या लेकरांना त्या स्वतःच्या पैशांतून वह्या आणतात, हे सरांनाही माहीत होतं. मी सरांना म्हटलं, “तुम्ही जे दिलंत त्यातला बराचसा वेळ ताईंचा होता आणि पैशांत त्यांचाही वाटा होता. दुसऱ्याचा वेळ द्यायचा तर आधी त्याला विचारावं लागतं, मग काम कितीही चांगलं असो.”

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग मी विचारलं की दिवाळीतच एवढी तगमग का होते. त्यावर ते जे बोलले ते ताईंनीही पहिल्यांदाच ऐकलं.

सर तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यातले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचे होते. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांनी माणसं गाडली. त्यांची धाकटी बहीण गेली. दीड महिन्यावर दिवाळी आली ती पत्र्याच्या शेडमध्ये. “ट्रक यायचे. वरून कपडे टाकायचे, आम्ही खालून झेलायचो. मला मोठ्या माणसाचा स्वेटर मिळाला, गुडघ्यापर्यंत यायचा. लाडू देताना एकाने फोटो काढला आणि हस म्हणाला. मी हसलो.” थोडं थांबून म्हणाले, “पण ते आले नसते तर आम्ही उपाशी राहिलो असतो, हेही खरंय. म्हणून मला दिवाळीत घरी बसवत नाही.”

ताई एवढंच म्हणाल्या, “अहो, हे मला कधी सांगितलं नाहीत.”

मी विचारलं, त्या काळातलं सगळ्यात जास्त कोण आठवतं? मला वाटलं लाडू देणारं कुणीतरी सांगतील. ते म्हणाले, एक गुरुजी. कुठल्या संस्थेचे, आठवत नाही. दर आठवड्याला यायचे, शेडमध्ये पोरांना बसवून पाढे घ्यायचे, कुणाला ताप आहे का बघायचे. दिवाळी झाली, ट्रक कमी झाले, तरी ते पार उन्हाळ्यापर्यंत येत राहिले. “ते यायचे तो वार आम्हाला पाठ होता.”

एवढं बोलून त्यांनी बायकोकडे बघितलं. मी काही जोडलं नाही. आपण देतो कसं आणि आपल्याला पुरलं होतं काय, यातलं अंतर त्यांचं त्यांनाच दिसत होतं.

पुढचं बोलणं ताईंनी सुरू केलं. लातूर-बीडकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. लेकरं बरोबर नेली तर शाळा सुटते, म्हणून गावातच शाळेच्या आधाराने हंगामी वसतिगृहं चालवली जातात, नाहीतर लेकरं आजीजवळ राहतात. ताईंच्या शाळेत अशी लेकरं आहेत. “दिवाळी संपली की वाटणारे संपतात, आणि माझ्या वर्गातली लेकरं तेव्हाच एकटी पडतात. तुम्हाला गणित येतं, विज्ञान येतं. नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून दोन रविवार या,” त्या सरांना म्हणाल्या. ही माहिती घरातच होती. कामाला लावायच्या आधी ताईंना काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं.

पैशांचं ठरवायला तासभर गेला आणि आवाजही चढले. घराचा हप्ता, क्लासची फी, किराणा आणि अडीअडचणीचे पैसे बाजूला काढून उरतं त्यातूनच द्यायचं, हे सरांना पटायला जड गेलं. शेवटी महिन्याला दीड हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यातूनच वर्षभर द्यायचं, असं ठरलं. दीडच हजार का, असं मला इतरांनी विचारलं आहे. ते त्यांच्या घराचं गणित आहे. दुसऱ्या घरात पाचशे असेल, पाच हजार असेल. आकडा दोघांनी मिळून आणि सणाच्या आधी, डोकं शांत असताना ठरलेला असावा, एवढाच माझा आग्रह असतो. ऐन सणात समोर कुणीतरी हात पसरतो, व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, आणि तेव्हा नाही म्हणणं फार कठीण जातं. आकडा ठरलेला असला की, “या वर्षीचं आमचं देऊन झालं,” हे अपराधी न वाटता सांगता येतं.

संस्थेला देणाऱ्यांसाठीही इथेच थोडं लिहिते, कारण बालगृहांतली माणसं हे मला कळवळून सांगतात. दिवाळीच्या आठवड्यात पाच जण फराळ घेऊन येतात आणि जानेवारीत तेल, साबण, सॅनिटरी पॅड आणि औषधांना पैसे नसतात. आधी फोन करून काय लागतंय ते विचारा. पैसे संस्थेच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या. करसवलत फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला तीही नाही. लेकरांबरोबरचे फोटो टाकू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये असंच मी म्हटलं असतं. पैसे नसतील आणि प्रकृती ठीक असेल तर रक्त द्या. सुट्ट्यांत शिबिरं थंडावतात आणि रक्तपेढ्यांत चणचण भासते, त्यातच रक्तातल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्या साठवून ठेवता येत नाहीत.

त्या वर्षीचा शब्द सरांनी मोडला नाही, मोडायला नकोच होता. शंभर घरांना किराणा गेला. पण चिवडा-शंकरपाळे नदीकाठच्या एका गावातल्या बचत गटाकडून विकत घेतले. त्या बायकांचं सोयाबीन गेलं होतं, सणाला हातात चार पैसे आले. वाटप वसुबारसेला उरकलं आणि २३ ऑक्टोबरला, भाऊबीजेला, ताई परळीला गेल्या. सर आणि लेकरंही बरोबर होती.

एक गाठ राहिली होती. सरांचे थोरले भाऊ गावाकडे शेती बघतात आणि त्यांचंही पीक पुरात गेलं होतं. त्यांनी काही मागितलं नाही, म्हणून सरांनी दिलं नाही. परक्यांना द्यायला सोपं जातं, तिथे जुने हिशेब नसतात. भावाला दिलं तर दान कसलं, असंही सरांच्या मनात होतं. ताईंनी हे माझ्यासमोर काढलं तेव्हा सर चिडले, पण दिवाळीनंतर गावी जाऊन आले. भावाने पैसे घेतले नाहीत. दोघांत शब्दाला शब्दही झाला. रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं आणि खत मात्र त्यांनी ठेवून घेतलं.

वसतिगृहावरचे रविवार सुरू आहेत. लेकीने यायला साफ नकार दिला आहे. तिला वाटतं बाबा तिच्या वाट्याचे रविवारही देऊन टाकतात. सरांना ते लागलं आहे. पुढच्या भेटीला तिलाही घेऊन या, असं मी सांगितलं आहे.