लायसन्सची बंदूक आणि काडतूस कोणतं, यावरून स्वसंरक्षणाच्या केसमध्ये फरक पडतो का?

पडतो, पण तुम्हाला वाटतोय तसा नाही. अमेरिकेत ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकच निकाल देतात, ॲरिझोनातल्या हॅरोल्ड फिश केसमध्ये (घटना २००४ची) सरकारी वकिलाने १० एमएम पिस्तूल आणि होलो पॉइंट (अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या) गोळ्यांवरही बोट ठेवलं होतं, शिक्षाही झाली, मग २००९मध्ये अपिलात रद्द झाली. आपल्याकडे जज बघतात ते बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम ३७, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इजा केली का, आणि ३८, म्हणजे जिवावर बेतल्याची खरी भीती होती का.

आता आमच्या ग्वाल्हेरचं घ्या, लश्कर भागात काकांकडे जुनी बारा बोरची दुनाळी आहे. तिचे छर्रे जवळून मारले तर एकच मोठं भोक पडतं आणि लांबून मारले तर अंगभर पसरतात, म्हणजे समोरचा किती जवळ होता हे जखमच सांगते, आणि ती पाठीत असेल तर वकील तरी काय करणार! म्हणून झाडलेल्या काडतुसांची रिकामी खोकी उचलू नका हो, आहेत तिथेच राहू द्या.

आणि बिनलायसन्सचा गावठी कट्टा असेल तर जीव वाचवायला चालवला हे कोर्टाने मानलं तरी आर्म्स ॲक्टची केस वेगळी चालतेच.