जुनी प्रीमियर पद्मिनी घेतलीत, आता चावी फिरवू नका

अभिनंदन! पण वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी लगेच स्टार्ट करून बघायचा मोह आवरा. आधी इंजिनचे चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला टाकून इंजिनच्या क्रँक पुलीच्या (पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) नटाला पाना लावा, इंजिन हातानेच फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून थांबा.

टाकी उतरवून धुवाच. तळाशी गंजाचा चिखल आणि शिळ्या पेट्रोलचा तो आंबूस वास सापडणारच. हाच गाळ कार्ब्युरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, बुजवतो. रबरी पेट्रोल पाइप सरसकट बदला, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला खातं.

रंग, क्रोम नंतर. पहिला खर्च ब्रेकचा: चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) रबर, होज म्हणजे ब्रेकचे रबरी पाइप नवे घाला, ब्रेक ऑइलही.

आणि हो, कागद! पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासणी होऊनच नोंदणीचं नूतनीकरण होतं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते खरी, पण मग ती रोज वापरता येत नाही. रोज फिरवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.