10 बाय 12च्या खोलीत एकच लाइट पुरे
दांडिया बाजारातल्या तुझ्या 10 बाय 12 फुटांच्या खोलीत माणसांचे फोटो काढायला तीन लाइट कशाला? आधी एकच घे, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पांढऱ्या कापडाची पेटी) लावून. माणसापासून अडीच फुटांवर, डोळ्यांच्या थोडा वर, चेहऱ्याच्या एका बाजूला 45 अंशांत. जवळ आणलास की प्रकाश मऊ पडतो आणि मागची भिंतही काळवंडते, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्साच उरतो. म्हणून माणसाला भिंतीपासून चार फूट तरी पुढे बसव.

खरा त्रास पांढऱ्या भिंतींचा. उजेड सगळीकडून परत येतो, चेहरा सपाट दिसतो. सावलीच्या बाजूला काळी चादर टांग. आजीचा फोटो काढताना मी ती लावली आणि गालावरची एकेक सुरकुती उठून आली. सावली फारच गडद वाटली तर चादरीऐवजी पांढरा थर्माकोल धर, म्हणजे थोडा उजेड परत येईल.

आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. माझा एक लाइट असाच आडवा होऊन फुटलाय.