रोज स्ट्रेटनर वापरल्याने केस कायमचे खराब होतात का?

होतात, मात्र नुकसान केसाच्या दांड्याचे होते, मुळाचे सहसा नाही. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात; उष्णतेने त्यातील हायड्रोजन बंध (प्रथिनाला आकारात धरून ठेवणारे कमकुवत दुवे) तुटून थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, आणि म्हणूनच सरळ केलेले केस पाणी लागताच पूर्ववत होतात. एवढ्यावर थांबले तर फारसे बिघडत नाही. परंतु तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की केराटिनची रचनाच मोडू लागते, केसावरील संरक्षक थराचे सूक्ष्म खवले उचकटतात आणि केस राठ होऊन मध्येच तुटतात. अनेकजण यालाच केसगळती समजतात, ते बरोबर नाही.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवणे माझ्या मते सर्वांत घातक, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तेथेच तो कमकुवत होतो. केसाचा दांडा निर्जीव असल्याने ही हानी भरून निघत नाही; ‘दुरुस्ती’चा दावा करणारी सिरम्स केवळ वरून गुळगुळीतपणा देतात. स्ट्रेटनर वापरायचाच असेल, तर केस पूर्ण वाळवून, उष्णतारोधक स्प्रे मारून, १८० अंशांखाली आणि एका बटेवरून एकदाच फिरवावा. रंगवलेल्या किंवा बारीक केसांना १५० अंशही पुरतात.